पितळेत चांदीची तार, युरोपात कशी पोचली?

ठाणेकर: जांभळी नाक्याजवळ एका दुकानात जुनं पितळी तबक बघितलं, चांदीची तार ठोकून अशी बसवलेली की बोट फिरवलं तरी लागत नाही. व्हेनिसच्या जुन्या भांड्यांच्या फोटोत सेम काम दिसतं, कसं काय?

पितळवेडी: मामलुक सुलतानांच्या राज्यातून, म्हणजे इजिप्त-सीरियातून ना! व्हेनिसचे व्यापारी तिथूनच न्यायचे, १५ व्या शतकात काही भांड्यांवर तर युरोपियन घराण्यांच्या ढाली पण असायच्या. महमूद अल-कुर्दी या कारागिराची सही अरबी आणि रोमन दोन्ही लिपीत सापडते, मला हे फार भारी वाटतं.

वाशीकर: पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातलं याच कामाचं घंगाळ बघा, १४ व्या शतकातलं, मुहम्मद इब्न अल-झैनने त्यावर ६ वेळा सही केलीय आणि १६०६ मध्ये त्यातच फ्रान्सच्या तेराव्या लुईचा बाप्तिस्मा झाला.

ठाणेकर: बाप रे! उद्याच तबक परत बघायला जातो.