मदत हवी आहे : मुलाचे लग्न न्यूयॉर्कला झाले, आता पत्रिका, पूजा आणि कागदपत्रे यांचे काय करावे?

सर्वांना नमस्कार. मी साताऱ्याची, बँकेच्या नोकरीतून निवृत्त झालेली. इथे मी नेहमी वाचते, प्रश्न मात्र पहिल्यांदाच विचारत आहे.

आमचा धाकटा मुलगा आणि त्याचा जोडीदार सहा वर्षांपासून जर्सी सिटीत एकत्र राहतात. जोडीदार मूळचा कोइंबतूरचा असून दोघेही भारतीय नागरिक आहेत. हे नाते आम्हांला कळले त्या पहिल्या वर्षाबद्दल इथे लिहीत नाही, कारण ते मागे पडले आहे आणि मला विचारायचे आहे ते वेगळे.

गेल्या मे महिन्यात आम्ही दोघे त्यांच्याकडे होतो आणि परतीचे विमान रविवारचे होते. मंगळवारी रात्री जेवताना मुलगा म्हणाला, “आई, तुम्ही इथे आहातच, तर लग्न करूनच टाकावे म्हणतो.” त्यावर हे म्हणाले, “आधी आमटी संपव, मग फॉर्म भर.” न्यू जर्सीत परवान्यासाठी ७२ तास थांबावे लागते आणि न्यूयॉर्कमध्ये परवाना हातात पडल्यावर २४ तासांनी लग्न लावता येते, म्हणून नदीपलीकडे जायचे ठरले. मॅनहॅटनमध्ये वर्थ स्ट्रीटवरच्या विवाह कार्यालयात गुरुवारी ३५ डॉलर भरून परवाना घेतला आणि शुक्रवारी आणखी २५ डॉलर भरून लग्न लागले. साक्षीदार एकच लागतो. ह्यांनी सही केली, नेहमीप्रमाणे मराठीत.

मुंडावळ्यांशिवाय लग्न ही कल्पना मला सहन होईना. आदल्या रात्री दुकानातून पांढऱ्या मण्यांचे पाकीट आणले, पण घरात दोरा मिळेना, म्हणून दातांसाठी वापरतात त्या फ्लॉसमध्ये मणी ओवले. शुक्रवारी कार्यालयात त्या दोघांना बांधताना इकडे साताऱ्यात रात्रीचे साडेआठ वाजले होते आणि माझ्या शहाऐंशी वर्षांच्या सासूबाई फोनवर पाहत होत्या. त्या काय म्हणतील या धास्तीने माझा हात कापत होता. त्या एवढेच म्हणाल्या, “त्या दुसऱ्याची डावी बाजू खाली आली आहे, नीट कर.”

आता डिसेंबरमध्ये दोघे दहा दिवसांसाठी येत आहेत. घरी सत्यनारायण, दुसऱ्या दिवशी स्वागत समारंभ आणि नंतर जेजुरी असा बेत आहे. (जेजुरीच्या पायऱ्यांवर कोणी कोणाला उचलायचे, हा प्रश्न मुलाच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेने परस्पर सोडवला आहे.) अडचण आली ती शब्दांची. छापखान्यातील प्रत्येक नमुन्यात एका बाजूला ‘चि.’ आणि दुसऱ्या बाजूला ‘चि. सौ. कां.’ आहे. आमचे गुरुजी पूजेला तयार आहेत, पण संकल्पात ‘सपत्नीक’ म्हणता येत नाही, तर काय म्हणायचे, असे त्यांनी मलाच विचारले. त्यांच्या प्रश्नात कुत्सितपणा नव्हता, खरोखरच अडलेले होते, म्हणून मला उत्तर शोधून द्यायचे आहे.

दुसरी अडचण कागदपत्रांची. मुलाच्या नावावर पुण्यात एक सदनिका आहे आणि इथल्या बँकेत काही ठेवी आहेत. ते विवाह प्रमाणपत्र तिकडे चालते, इथे त्याला काय किंमत आहे? उद्या काही बरेवाईट झाले तर त्याच्या जोडीदाराला दारोदार फिरावे लागू नये, यासाठी आत्ताच काय करून ठेवावे? लग्न योग्य की अयोग्य यावर मत मागितलेले नाही, एवढे नम्रपणे नमूद करते.

प्रतिसाद (ठाणे) :

काकू, प्रथम अभिनंदन. कागदांचे आधी सांगतो, कारण पत्रिका चुकली तर पुन्हा छापता येते.

१७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला आणि त्यावरच्या पुनर्विचार याचिका जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या. त्यामुळे त्या प्रमाणपत्राच्या आधारे इथे जोडीदार म्हणून वारसाहक्क मागता येणार नाही. मात्र संयुक्त बँक खाते उघडण्यास आणि जोडीदाराला नॉमिनी नेमण्यास कोणतीही आडकाठी नाही, असे अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे; शाखेत कोणी नाही म्हणालेच तर त्याचा हवाला द्यावा. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे आपण बँकेत होतात म्हणजे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असेल. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याने त्याची मालमत्ता पहिल्या वर्गातील वारस म्हणून आपल्याकडे, म्हणजे आईकडे येईल, जोडीदाराकडे नाही. म्हणून मृत्युपत्र हवेच. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही, दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात आणि ज्याला मालमत्ता मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये. तरीही मी नोंदणी करूनच ठेवण्याचा सल्ला देईन. डिसेंबरात मुलगा इथे असेल तेव्हा एक सकाळ त्यासाठी राखून ठेवा.

पत्रिकेत ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ तसेच राहू द्यावे आणि पुढे ‘आमचे चिरंजीव अमुक व चिरंजीव तमुक यांचा विवाह न्यूयॉर्क येथे संपन्न झाला, त्यानिमित्त’ असे लिहावे. निमंत्रक म्हणून दोन्ही आईवडिलांची नावे घालावीत. गुरुजींना सांगा की ‘सहकुटुंब, सहपरिवार’ हे शब्द संकल्पात आधीपासूनच आहेत, तेवढ्याने भागेल.

मूळ प्रश्नकर्ती :

मनःपूर्वक आभार. नॉमिनी आणि मालक यांतला फरक मी तीस वर्षे काउंटरवर लोकांना समजावून सांगितला आणि स्वतःच्या मुलाच्या वेळी तो माझ्या ध्यानातही आला नाही. मृत्युपत्रासाठी ओळखीच्या वकिलांची वेळ घेतली आहे. ‘सहकुटुंब’ ऐकल्यावर गुरुजी स्वतःशीच हसले आणि त्यांनी पूजेच्या साहित्याची यादी लिहून दिली.

छापखान्यातून आलेल्या पहिल्या प्रुफात सवयीने ‘चि. सौ. कां.’ तसेच राहिले होते. सासूबाईंनी भिंग लावून ते शोधले आणि लाल पेनाने खोडले. दुसरे प्रुफ उद्या येईल. पहिली पत्रिका खंडोबापुढे ठेवायला हे रविवारी जेजुरीला जाणार आहेत.