मदत हवी आहे: 'टायटल नाइन' अभ्यासातली पडताळणी कशी करायची?

एम.ए. अर्थशास्त्राच्या प्रबंधासाठी बेट्सी स्टीव्हनसन यांचा 2010 मधला अभ्यास छोट्या प्रमाणावर पुन्हा करून पाहतेय. अमेरिकेत शिक्षणात लिंगभेदाला मनाई करणाऱ्या 1972 च्या 'टायटल नाइन' कायद्यानंतर सहा वर्षांत हायस्कूलमध्ये खेळणाऱ्या मुली 27 मागे एकीवरून चारमागे एकीवर गेल्या. ज्या राज्यांत मुलगे आधीच जास्त खेळत, तिथे समान संधी देताना मुलींचं प्रमाण जास्त वाढलं. हाच फरक वापरून त्यांनी काढलं की मुलींचा सहभाग 10 टक्के-बिंदूंनी वाढला की कॉलेजात जाणाऱ्या मुली 1 टक्के-बिंदूने आणि नोकरी करणाऱ्या किंवा शोधणाऱ्या 1 ते 2 टक्के-बिंदूंनी वाढतात. खेळाचा परिणाम इतक्या नेमकेपणाने वेगळा काढलेला मी तरी आधी वाचला नव्हता.

1980 आणि 2000 च्या जनगणनेचे खुले नमुने घेतलेत, वय 25 ते 34, राज्य जन्माचं. समीकरणात वंश, वय, राज्याचं उत्पन्न घातलंय, प्रमाण-त्रुटी (अंदाजातली अनिश्चितता) राज्यानुसार क्लस्टर केल्यात, म्हणजे एकाच राज्यातल्या नोंदी एकमेकींशी निगडित धरल्यात. काम 'आर' या मोफत सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्येच, विकतचं सॉफ्टवेअर नाही.

अडचण अशी: मुलगे जास्त खेळणारी राज्यं मुळातच वेगळी असतील, तर? म्हणून त्याच राज्यांतल्या पुरुषांवर तेच समीकरण चालवलं. त्यांच्या रोजगारातही थोडा, पण शून्यापासून वेगळा परिणाम दिसतोय. गाइड म्हणतात, स्त्री-पुरुष फरकच मोजा. पण बायका नोकरीत आल्याने पुरुषांचा रोजगारही बदलला असेल, तर त्यांना तुलनागट मानणं चालेल का? की 1972 आधीच शाळा संपवलेल्या, म्हणजे शाळेत कायद्याचा लाभ न मिळालेल्या स्त्रियांवर पडताळणी करणं जास्त योग्य?