आधी चुकीची ओळ नीट दाखवा

तुम्ही बनवताय ती प्रोग्रामिंगची नवी भाषा थेट मशीन कोडपर्यंत (प्रोसेसरला कळणाऱ्या सूचनांपर्यंत) न्यायची की सी या जुन्या भाषेत उतरवायची, हा तुमचा प्रश्न. डोळे झाकून सीमध्ये उतरवा. १९८५ साली बाजारात आलेला सी++ भाषेचा सीफ्रंट हा कंपायलर (कोडचं भाषांतर करणारा प्रोग्राम) हेच करायचा. ऑप्टिमायझेशनची, म्हणजे कोड वेगवान करायची, हमाली सी कंपायलरच्या गळ्यात.

खरी गोची एरर मेसेजची. आमच्या सोलापुरात जुन्या जकार्ड मागावर चादरीची नक्षी आधी ग्राफ पेपरवर काढतात, मग तिची भोकं पाडलेली पंचकार्डं होतात, बाण्याच्या (आडव्या धाग्याच्या) प्रत्येक फेकीला एक कार्ड. मोराची मान वाकडी आली तर नक्षीवाल्याला ग्राफवरचा चौकोन सांगावा लागतो, नुसता कार्ड नंबर देऊन काय उपयोग? तुमच्याकडेही चूक मूळ फाइलच्या ४२व्या ओळीत आणि बोंब जनरेट झालेल्या सी फाइलच्या ९१८व्या, असं होणार. उपाय जुनाच आहे: सी कोड लिहिताना हॅश-लाइन डिरेक्टिव्ह (मूळ फाइल आणि ओळ सांगणारी #line ही सूचना) पेरत जा. मग जीडीबी हा चुका शोधायचा डीबगरसुद्धा तुमचीच ओळ दाखवतो. सीऐवजी जावास्क्रिप्टकडे वळलात तर हेच काम सोर्स मॅप (जनरेट झालेला कोड मूळ ओळींशी जोडणारी फाइल) करतो.

कीवर्ड मराठी की इंग्रजी, हा वाद नंतर घाला. (व्हेरिएबलला 'शेंगाचटणी' म्हणायला आमची ना नाही.) टाइप तपासणी (आकड्याच्या जागी मजकूर तर आला नाही ना, हे पाहणं) मात्र सीवर ढकलू नका, आधीच उरका.