मदत हवी आहे: डीओ कॉलेजात समर रिसर्चला पैसे कुठून मिळतात?

नमस्कार मंडळी, मी अमेरिकेत ऑस्टिओपॅथिक मेडिकल स्कूलला फर्स्ट इयरला आहे (डीओ, म्हणजे एमडीसारखेच पूर्ण डॉक्टर, पण आमच्या मामाला अजून वाटतं की मी मालिश शिकतेय). २०२२ पासून स्टेप १ आणि कॉमलेक्स लेव्हल १ (डॉक्टरी लायसन्सच्या पहिल्या परीक्षा, दुसरी खास डीओवाल्यांची) दोन्ही नुसत्या पास-फेल झाल्यात, त्यामुळे रेसिडेन्सीला (डिग्रीनंतरचं हॉस्पिटलमधलं ट्रेनिंग) निवडताना आता रिसर्च बघतात असं सगळे सिनियर सांगतात, आणि मोकळा उन्हाळा मिळतो तो एकच, पहिल्या वर्षानंतरचा.

अडचण अशी की आमच्याकडे स्वतःचं हॉस्पिटल नाही, लॅब मोजक्याच, आणि कॉलेजची समर फेलोशिप आहे पण त्यात आठ आठवड्यांचं घरभाडंसुद्धा निघत नाही. बाहेर बघायला गेले तर एनआयएचच्या (अमेरिकन सरकारची आरोग्य-संशोधन संस्था) टी३५ ट्रेनिंग ग्रँटला, म्हणजे विद्यार्थ्यांच्या समर रिसर्चला पैसे देणाऱ्या ग्रँटला, सिटिझन किंवा ग्रीन कार्डवालेच चालतात. मी एच४ वर (बाबांच्या वर्क व्हिसावरचा डिपेंडंट व्हिसा) वाढले, २१ झाल्यावर एफ१ (स्टुडंट व्हिसा), बाबांचं ग्रीन कार्ड रांगेत. म्हणजे ते दार बंदच.

मग विचारायचं होतं, व्हिसावाल्या कुणाला अमेरिकन ऑस्टिओपॅथिक असोसिएशनकडून किंवा एखाद्या स्पेशालिटी सोसायटीकडून स्टुडंट ग्रँट मिळालीय का? प्रोफेसरच्या आर१५ ग्रँटमधून (एनआयएचचीच, कमी रिसर्च फंड असलेल्या कॉलेजांसाठी) विद्यार्थ्याला पगार देतात म्हणे, पण ते विचारायचं कसं, पहिल्याच ईमेलमध्ये पैशाचं काढलं तर बरं दिसतं का? आणि जवळच्या एमडी कॉलेजच्या लॅबमध्ये डीओवाल्यांना घेतात का, की ईमेल सरळ कचऱ्यात?

अनुभव असेल तर प्लीज सांगा, आमची डेडलाईन जानेवारीअखेर आहे.