एचडी ६०० वर पखवाजाची धुम पातळ का ऐकू येते?

कणीक_शाई (केज, जि. बीड)

नमस्कार मंडळी. महिनाभरापूर्वी सेनहायझरचा एचडी ६०० हेडफोन घेतला. नवा नाही, पुण्यातल्या एकानं वापरून काढलेला, तो जुना निळसर ठिपक्याठिपक्यांचा संगमरवरी रंगाचा. मी गावातल्या भजनी मंडळात अकरा वर्षं पखवाज वाजवतो, त्यामुळं ऐकायचं ठरलेलं आहे: अभंग, कीर्तन, थोडं ध्रुपद.

गाणाऱ्याचा आवाज यात असा येतो की काय सांगू. पेटीवाल्यानं भाता ओढला की ती हवासुद्धा ऐकू येते. पण पखवाज! उजव्या पानावरचं 'तिट' अगदी नखासकट ऐकू येतं, आणि डावा हात पडला की वाटतं, गड्यानं आज डाव्या पानाला कणीक (आवाज खोल व्हावा म्हणून लावतात ती) लावलीच नाही. नुसता 'धप'. डाव्या हाताची ती खोल धुम नाहीच.

लॅपटॉपला टाइप-सीचा छोटा डोंगल लावून ऐकतो. लहान भावाचा स्वस्तातला ब्लूटूथ हेडफोन लावला तर तिथं धुम छातीवर येते. तो मला हसायलाय, आणि घरचे विचारायलेत की एवढे पैसे कशात घातले. हेडफोन खराब निघाला, ॲम्प (आवाजाला जोर देणारं यंत्र) पाहिजे, का माझाच कान वाकडा आहे?

प्लॅनरवाला (छत्रपती संभाजीनगर)

कान बरोबर आहे भाऊ. एचडी ६०० खाली उतरतच नाही. विकून टाक, दोन पैसे घालून प्लॅनर (सपाट पडद्याचा हेडफोन) घे. ३० हर्ट्झपर्यंत सरळ रेघ जाते. ३०० ओहम रोधाचा हेडफोन डोंगलवर लावणं म्हणजे बैलाच्या जागी शेळी जुंपणं.

भोंगेवाले_काका (माजलगाव)

विकू नको. थांब जरा.

मी तेहतीस वर्षं मांडवात साउंड लावतो. सप्ताह, कीर्तन, लग्न, वाढदिवस, जे येईल ते. हाच हेडफोन माझ्याकडं २००९ पासून आहे. गाद्या दोनदा बदलल्या, डोक्याची पट्टी एकदा, वायर एकदा. सगळं हातानं निघतं नि हातानं बसतं, पेचकस लागत नाही. १९९७ सालचं मॉडेल आजही विकत मिळतं त्यात याचाही वाटा असणार.

तू म्हणतोस त्यात खरं आहे. हा शंभर हर्ट्झच्या खाली हळूहळू बसत जातो, पन्नासच्या खाली तर चांगलाच. कप मागून उघडा, गादी मखमली, खालचा दाब धरून ठेवायला जागाच नाही. खोक्यावर १२ ते ३९,००० हर्ट्झ छापलंय, पण त्या १२ पर्यंत पोचता पोचता आवाज किती बारीक होतो, ते आकड्यात दिसत नाही. उलट शंभर-दीडशेच्या आसपास थोडा फुगवटा आहे. म्हणून डग्ग्याचं अंग बरं येतं आणि पखवाजाचं पोट राहतं.

पण तुझी धुम एकट्या हेडफोननं खाल्लेली नाही. एक चोर मीच आहे. मिक्सरच्या प्रत्येक चॅनेलवर 'लो कट' नावाचं बटन असतं. ते दाबलं की ८० किंवा १०० हर्ट्झच्या खालचं सगळं कापलं जातं. मांडवात पत्रे घुमतात, माइकच्या स्टँडला कुणी पाय लावला की ढुम्म होतं, म्हणून आम्ही ते दाबूनच ठेवतो. पखवाजाच्या चॅनेललासुद्धा, खोटं कशाला बोलू. वर वाजवणारा सांगतो, माइक उजव्या पानाकडं घ्या, बोल स्पष्ट आले पाहिजेत. त्याच मिक्सरमधून वायर काढून पोरं रेकॉर्डिंग करतात आणि यूट्यूबवर टाकतात. तू जी कीर्तनं ऐकतोस त्यातल्या निम्म्यांत धुम पहिल्यापासूनच नसेल. एचडी ६०० नसलेलं वाढून देत नाही. भावाचा हेडफोन देतो.

भावाच्या हेडफोनची एक परीक्षा घे. बोलांत जिथं डाव्या हाताचे उघडा 'ग' आणि दाबलेला 'क' पाठोपाठ येतात, तिथं दोन्ही वेगळे ऐकू येतात का बघ. बेस फुगवलेल्या हेडफोनवर दोन्हींचं पीठ होतं. एचडी ६०० वर धुम कमी असेल, पण हात कधी उघडला, कधी टेकला, हे एकदाही चुकायचं नाही. शंकरबापू आपेगावकरांचं वादन झालेल्या भागातला तू माणूस. तुला एवढं कळतं, मी काय सांगू.

आता गाणाऱ्याबद्दल. तू दोन ओळींत उरकलंस, पण या हेडफोनचं खरं घर तेच आहे. तानपुऱ्याची जवारी लागली की तारेतून सुरांची जी झालर सुटते ना, ती इथं तारेपासून सुटी पडत नाही. बऱ्याच हेडफोनांत तार खाली आणि झणकार वर, असे दोन तुकडे होतात. गाणारा मुखडा सोडून श्वास घेतो तो श्वास नाकाचा का तोंडाचा, तेही कळतं. तीन हजार हर्ट्झच्या जवळपास हा थोडा पुढं झुकलेला आहे, म्हणून बाईच्या वरच्या पट्टीचा आवाज आणि टाळाची कड कधीकधी बोचते. याच कंपनीच्या एचडी ६५० मध्ये ते मऊ केलंय. पुण्यात एकाकडं एचडी ८०० ऐकला होता. त्याच्या आवाजाचा मांडव एवढा मोठा की टाळकरी पार खांबाशी उभे. पण सहा हजारच्या जवळ एक काटा आहे, टाळ डोळ्यांत गेल्यासारखे झाले. आपल्या ६०० चा मांडव छोटा: गाणारा कपाळापुढं वीतभर, बाकीचे डावीकडं-उजवीकडं कानाला टेकून. मला चालतं. देवळाच्या ओसरीत बसल्यागत वाटतं.

दुसरा चोर तुझ्या खोलीत असेल. कूलर लावतोस का? उघडा हेडफोन बाहेरचं सगळं आत घेतो, आणि कूलरच्या पंख्याची घरघर नेमकी खालच्या पट्टीत असते. धुमीच्या अंगावर चादर पडल्यासारखं होतं. ६० हर्ट्झचा सपाट सूर नेटवर कुठंही मिळतो. कूलर चालू ठेवून ऐक, मग बंद करून ऐक, आणि इथं येऊन सांग.

आणि चष्मा असेल तर काडी गादीखाली येते, फट पडते, तेवढा खालचा आवाज निसटतो. केसांना तेल लावत असशील तर लावून बसू नको. माझ्या पहिल्या गाद्या तेलानं पापडासारख्या कडक झाल्या होत्या.

कणीक_शाई

काका, चष्मा आहे. तेलाचं विचारूच नका. आणि कूलर तर आहेच, वाळ्याच्या जाळ्यांचा मोठा लोखंडी. पण बंद कसा करू? त्याच खोलीत आजोबा झोपतात आणि बाहेर बेचाळीस आहे.

ॲम्पचं सांगा ना. प्लॅनरवाले दादा म्हणतात ते खरं का?

गोदाकाठ (नांदेड)

मध्येच बोलतो. माझ्याकडं एचडी ६५० आहे आणि तीच तक्रार आहे, थोडी कमी. गुरुद्वाऱ्यातलं कीर्तन ऐकताना तबल्याचा बायाँ छान येतो, पण खालचा तळ यातही नाही. मी आता तक्रार सोडून दिलीय.

भोंगेवाले_काका

ॲम्पनं धुम येणार नाही, आवाज मोठा होईल. डोंगल साधारण एक व्होल्टचा असतो. ३०० ओहमवर ते साडेतीन मिलिवॉटच्याही आत. बारीक वाटतं, पण रात्री ऐकायला पुरतं. जुनी, हळू आवाजात घेतलेली रेकॉर्डिंग लावलीस आणि बटन शेवटपर्यंत जाऊनही पोट भरलं नाही, तर ॲम्प घे.

हां, व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा, जुन्या पद्धतीचा) ॲम्प असला तर गोष्ट वेगळी. या हेडफोनचा रोध सगळीकडं ३०० नाही, शंभर हर्ट्झच्या जरा खाली तो पाचशेच्याही वर चढतो. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या व्हॉल्व्ह ॲम्पचा स्वतःचा रोध मोठा असला की नेमका तिथं बेस उचलला जातो. लोक त्याला 'जादू' म्हणतात. ओहमचा नियम आहे, शाळेत शिकवतात. पण त्यानंही पार तळातलं पोट भरत नाही.

त्यापेक्षा फुकटातलं कर. लॅपटॉपमध्ये इक्वलायझर (जाड-बारीक सूर वेगवेगळे कमीजास्त करायचं सॉफ्टवेअर) टाक, शंभर हर्ट्झच्या खालचा भाग चार डेसिबलनं उचल, आणि आधी एकूण आवाज तेवढाच खाली घे, नाहीतर फाटेल. चारच्या पुढं जाऊ नको. याचा पडदा खाली जोर दिला की घोगरा व्हायला लागतो.

आणि एक गोष्ट कुठलाच हेडफोन देणार नाही. तू वाजवताना पखवाज तुझ्या मांडीवर असतो. धुम तुला कानानं कमी आणि मांडीनं जास्त कळते. अकरा वर्षांची सवय आहे ती.

प्लॅनरवाला

मांडीचा मुद्दा मान्य. बाकी प्लॅनर एकदा ऐकाच काका.

भोंगेवाले_काका

ऐकलाय. चांगला आहे. मान दुखली.

कणीक_शाई (पाच दिवसांनी)

सांगायला आलो. परवा रात्री दोनला लाइट गेली. कूलर थांबला, पंखा थांबला, लॅपटॉप बॅटरीवर. चष्मा काढून ठेवला आणि एक जुनं ध्रुपद लावलं, मांडवातलं नाही, नीट स्टुडिओतलं. धुम होती! भावाच्या हेडफोनसारखी छातीवर नाही, पण होती, आणि थाप पडल्यावर किती वेळ टिकते तेही ऐकू येत होतं. आधी कूलर त्या शेपटावरच बसायचा. उलट आमच्याच मंडळाचं मागच्या सप्ताहाचं रेकॉर्डिंग लावलं तर काहीच नाही. काका, ते बटन आमच्याही साउंडवाल्यानं दाबलेलं दिसतंय.

मग मला हाव सुटली. इक्वलायझर चारवर ठेवायचा तो आठवर नेला. तेवढ्यात उकाड्यानं आजोबा उठले. मला पखवाज त्यांनीच शिकवलाय, आता ऐकू कमी येतं. म्हटलं ऐकून तर बघा, आणि त्यांच्या डोक्यावर हेडफोन ठेवला. डोळे मिटून पूर्ण आवर्तन ऐकलं. मग म्हणाले, "हात चांगलाय पोराचा. पण कणीक जास्त लावलीय, थोडी काढ म्हणावं."

चारवर आणला.