जपानमधील कल्पित आणि खऱ्या नायकांची स्मारके: सल्ला हवा आहे

अनुजा_पुणे:
नोव्हेंबरमध्ये आम्ही ओसाका आणि टोकियो येथे जाणार आहोत. थोरला मुलगा 11 वर्षांचा आहे आणि धाकटी 5 वर्षांची. सामुराईंचे किल्ले आणि चिलखते पाहणे होईलच. परंतु हाती तलवार नसताना नायक ठरलेल्या माणसांची, किंवा गोष्टींतल्या पात्रांची, आठवण जपणारी ठिकाणेही मुलांना दाखवावीत असे वाटते. कृपया सुचवावीत.

समुद्रकाठ:
ओसाकाहून एका दिवसात जाऊन येण्याजोगे, वाकायामा प्रांतातील हिरोगावा मी सर्वांत आधी सुचवेन. 1854 च्या त्सुनामीच्या रात्री हामागुची गोर्यो यांनी भाताच्या पेंढ्याच्या उडव्या पेटवल्या आणि त्या उजेडात चाचपडणाऱ्या गावकऱ्यांना उंचावरच्या देवळाची वाट सापडली. शालेय पुस्तकातून घरोघरी पोहोचलेल्या कथेत टेकडीवरचा एक वृद्ध आपले पीक जाळतो. प्रत्यक्षात हामागुची तेव्हा पस्तिशीच्या आतले, सोया सॉसचा व्यवसाय असलेल्या घराण्यातले गृहस्थ होते. मला मात्र त्या रात्रीपेक्षा त्यांचे नंतरचे काम मोठे वाटते. घरेदारे आणि होड्या गमावलेल्या लोकांनी गाव सोडू नये म्हणून त्यांनी पदरच्या पैशाने सुमारे 600 मीटर लांबीचा बांध घातला आणि त्यावर गावकऱ्यांनाच मजुरी दिली (आपल्या रोजगार हमीची आठवण यावी असा हा प्रकार). 1946 च्या त्सुनामीत त्या बांधाने गावाचा बराच भाग वाचवला. हामागुचींची आठवण जपणारे हिरोगावातील संग्रहालय युआसा रेल्वे स्थानकापासून पायी गाठता येते.

मधुरा_कोबे:
धाकटीला कोबेच्या आनपानमान (मुलांच्या चित्रकथांतला नायक) संग्रहालयात न्या. युद्धकाळात स्वतः भूक सोसलेल्या यानासे ताकाशी यांनी रचलेला हा नायक भुकेल्याला आपल्या पावाच्या चेहऱ्याचा तुकडा तोडून देतो. थोरला तिथे कंटाळेल.

अनुजा_पुणे:
दोघांचेही आभार. हिरोगावा नक्की केले. टोकियोत हाचिको या कुत्र्याच्या पुतळ्यासाठी शिबुया स्थानकाच्या गर्दीत जाण्यात अर्थ आहे का?

समुद्रकाठ:
तो पुतळा जाता जाता पाहावा. त्याचे मालक प्राध्यापक उएनो 1925 मध्ये वारल्यानंतरही हाचिको जवळपास दहा वर्षे स्थानकावर त्यांची वाट पाहत असे, तेच त्यात दिसते. टोकियो विद्यापीठाच्या कृषी विभागाच्या आवारात 2015 मध्ये बसवलेल्या शिल्पात मात्र तो परतलेल्या मालकाच्या अंगावर आनंदाने झेपावतो, आणि तिथे गर्दीही फारशी नसते. तेथून उएनो भागातील राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय फार दूर नाही. हाचिकोचे कातडे भरून जतन केलेले रूप तिथे आहे, पण ते धाकटीला दाखवायचे की नाही हे तुम्हीच ठरवा.