शारजा : दोन महिन्यांचा पगार थकला, पासपोर्ट मालकाकडे. आता काय करावं?

प्रश्न (खेड, रत्नागिरी): धाकटा भाऊ शारजात वेल्डर आहे, चार वर्षं झाली. बेसिक ८००, भत्ते धरून १५०० दिरहम. दोन महिने पगार नाही, पासपोर्ट ऑफिसात ठेवलाय. कॅम्प (कंपनीने दिलेली कामगारांची राहायची जागा) सोडून दुबईला मित्राकडे जाऊ का, असं विचारतोय.

प्रतिसाद १: अजिबात नको. न कळवता सलग सात दिवसांहून जास्त गैरहजर राहिला की अरबाब (मालक) त्याला 'फरार' नोंदवू शकतो. मग पगार राहतो बाजूला आणि व्हिसाच अडचणीत येतो. आधी तक्रार, मग बाकी सगळं. तक्रार मोहरेच्या (तिथलं कामगार मंत्रालय) ॲपवर करता येते, फी नाही. मंत्रालय साधारण १४ दिवसांत समेट घडवायला बघतं. दावा ५०,००० दिरहमपर्यंतचा असेल तर २०२४ पासून निकालही तेच देतं, त्याहून मोठा कोर्टात जातो.

तक्रारीआधी ॲपमधून करार उतरवून घ्यायला सांगा. तिथे नोंदलेला करार आणि गावात एजंटाने दिलेला कागद यांत बेसिकचा फरक हमखास सापडतो, आणि तिथे चालतो तो नोंदलेलाच. सोबत बँकेचं स्टेटमेंट, बताक्याचा (तिथल्या ओळखपत्राचा) फोटो, हजेरीचे फोटो आणि फोरमनचे व्हॉट्सॲप मेसेज ठेवावेत.

प्रतिसाद २: पगाराचं एटीएम कार्ड कोणाकडे आहे ते विचारा. काही ठिकाणी पगार खात्यात पडतो, म्हणजे सरकारी नोंदीत 'दिला', आणि सुपरवायझर कार्ड वापरून तो परत काढून घेतो. तसं असेल तर तक्रारीत थेट तसंच लिहायचं. नुसतं 'पगार नाही' लिहिलं तर मालक बँकेची नोंद पुढे करतो आणि तक्रार तिथेच लंगडी पडते.

हिशेबही आत्ताच मांडा. ग्रॅच्युइटी बेसिकवर मिळते, १५०० वर नाही. पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला २१ दिवस, म्हणजे ८०० भागिले ३० गुणिले २१ = ५६० दिरहम, चार वर्षांचे २,२४०. ओव्हरटाइम किमान सव्वापट : बेसिकचा तासाचा दर ३.३३ (८०० भागिले ३० दिवस, भागिले ८ तास), ओव्हरटाइमचा ४.१७ दिरहम. रात्री १० ते पहाटे ४ मध्ये दीडपट (पाळीची ड्यूटी सोडून). नोकरी संपल्यावर १४ दिवसांत सगळं चुकतं करावं लागतं. अरबीत छापलेल्या 'फायनल सेटलमेंट'वर पैसे हातात पडण्याआधी सही नको, कोऱ्या कागदावर तर मुळीच नको.

प्रतिसाद ३: पासपोर्ट ठेवून घेणं तिथल्या २०२१ च्या कामगार कायद्यातच मना आहे. शिवाय पासपोर्ट भारत सरकारचा, मालकाचा नव्हे. तक्रारीत तो मुद्दा वेगळा लिहा आणि दुबईच्या भारतीय वकिलातीला कळवा. तुम्ही खेडहून भारत सरकारच्या 'मदद' पोर्टलवर (परदेशातल्या भारतीयांच्या तक्रारींसाठी) नोंद करू शकता, त्याला पासपोर्ट क्रमांक लागेल.

आणि कंपनी फ्री झोनमधली (स्वतःचं वेगळं प्रशासन असलेला उद्योग-व्यापाराचा भाग) आहे का ते आधी बघा. असेल तर बहुतेक वेळा पहिली तक्रार त्या झोनच्या कार्यालयात जाते. चुकीच्या दारात दोन आठवडे वाया जातात.

प्रश्नकर्ता : कार्ड सुपरवायझरकडेच आहे! मी फक्त 'पगार नाही' एवढंच लिहून ठेवलं होतं. बदलतो.

प्रतिसाद २ : कार्डाचे शेवटचे चार आकडे आणि पैसे निघाल्याच्या तारखाही टाका. बँकेच्या मेसेजमध्ये मिळतील.